फळ्याच्या पाठीचा पलंग

५ फेब्रुवारी

सुतार ठरला एकदाचा. तिघांना घर दाखवलं. पहिल्याचा आकडा ऐकून नवरा म्हणाला, "एवढ्यात तर अप्पांना वेगळं घर घेऊन देऊ." दुसऱ्याने आमच्या हॉलकडे असं पाहिलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. तिसऱ्याने भिंतीवर टकटक केलं, चहा मागून घेतला आणि आमच्या बजेटात बसवतो म्हणाला. बोलका फार आहे. स्वतःच्या कामाचं कौतुक तो स्वतःच उरकून टाकतो, आपल्याला काही उरत नाही. सकाळी फोनवर "अर्ध्या तासात पोचतो" म्हणाला होता आणि उगवला जेवणं झाल्यावर. नवऱ्याने लगेच त्याचं नाव 'अर्धातास' ठेवलं.

अडचण जागेची आहे. एक झोपायची खोली, स्वयंपाकघर आणि हॉल, एवढंच घर. हॉलमध्ये दुपारपासून दिवेलागणीपर्यंत माझी शिकवणी चालते. नोकरी सोडून मोठ्या धाडसाने सुरू केली आणि आत्ता कुठे बस्तान बसतंय. त्यात पुढच्या महिन्यात अप्पा येणार. आई गेल्यापासून माझे वडील एकटेच राहतात, आणि मध्ये जिन्यात पडले तेव्हा शेजाऱ्यांनी उचललं. मी एकुलती एक. खूप हो-ना करून तयार झालेत, तेही अट घालून. महिनाभर राहून बघतो, जमलं तर खोलीची किल्ली मालकाला परत देतो, नाहीतर आपलं घर बरं, असं म्हणाले. मला ती किल्ली परत गेलेली बघायची आहे.

तर अर्धातास म्हणाला, पलंग भिंतीला मिटणारा करू. रात्री खाली, दिवसा उभा. मी म्हटलं, म्हणजे दिवसभर आल्यागेल्याला पलंगाचं बूड दिसणार. त्यावर तो म्हणतो, "ताई, बुडाला काळा रंग मारू. तुमचा फळा होईल. एक फळी, दोन कामं." मला तर त्याला पुन्हा चहा द्यावासा वाटला. माझा सध्याचा फळा स्टँडवरून आठवड्यातून एकदा तरी कोणाच्या ना कोणाच्या अंगावर पडतो.

माप घ्यायला अप्पा इथे नव्हते, मग मीच फरशीवर आडवी झाले. त्याने डोक्याशी आणि पायाशी खडूने रेघ मारली. अप्पा माझ्याहून जरा बुटकेच आहेत, म्हणजे ऐसपैस होईल.

नवरा तेवढा म्हणाला, "आणि दुपारी अप्पांनी कुठे पडायचं?" मी म्हटलं, मी पडते का दुपारी?

२६ फेब्रुवारी

पलंग लागला. अर्धातास म्हणतो एका बोटाने उघडतो. त्याला स्वतःला दोन हात आणि एक गुडघा लागला. पण मिटला की काय दिसतो. भिंतभर काळा फळा, कडेने लाकडी पट्टी, हा पलंग आहे असं सांगूनही कोणाला पटणार नाही. शेजारचं कपाट राहिलंय, अप्पांचे कपडे खाली आणि शिकवणीची पुस्तकं वर, असं. ते आठ दिवसांत देतो म्हणालाय.

आज वकीलबाई मुलाला सोडायला आल्या. या बाई मान हलवतात तेव्हा बाकीच्या चार आयाही मुलं पाठवतात, म्हणून त्यांची मर्जी राखावी लागते. म्हणाल्या, "किती मोकळा हॉल आहे तुमचा. घर वाटतच नाही." दिवसभर मी त्याच वाक्यावर तरंगत होते.

२ मार्च

अप्पा आले. एक पेटी, एक पिशवी आणि पाण्याच्या पंपावरच्या नोकरीतली ती जुनी हातबॅटरी. त्यांनी पलंग चारदा उघडला आणि चारदा मिटला. स्प्रिंगला कान लावून ऐकलं. "यंत्र झकास आहे," म्हणाले. मग माझ्या फळ्यावरची गणितं वाचून म्हणाले, "रोज रात्री एवढी विद्या पाठीखाली घेऊन झोपायचं. या वयात हुशार होईन की काय मी."

खूप हसलो तिघंही. मला वाटतं जमेल.

६ मार्च

अप्पा रात्री झोपत नाहीत. खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, पाणी प्यायल्याचा येतो. आईची आठवण येत असणार. सकाळी चहा घेताना डोळे मिटायला लागतात.

माझ्या लहानपणी हे उलट होतं, पण त्याला कारण होतं. अप्पा पाण्याच्या पंपावर रात्रपाळीला होते, सगळी नोकरी रात्रपाळीतच गेली. सकाळी यायचे आणि दुपार टळेपर्यंत झोपायचे. पंपाच्या धडधडाटाची सवय, त्यामुळे यंत्राचं त्यांना काही वाटत नसे. पण दाराची कडी वाजली की ताडकन उठून बसायचे. मला लिहिता यायला लागल्याबरोबर आईने माझ्या हातात खडू दिला आणि मी दारावर लिहिलं, 'अप्पा झोपले आहेत. कडी वाजवू नये.' रोज पुसून रोज नवं लिहायचे, अक्षर जास्तीत जास्त मोठं काढून. शाळेत तर मी सांगत सुटायचे, तुमच्या नळाला पाणी येतं ते आमच्या अप्पांमुळे. पण त्यांना निवृत्त होऊनही आता किती वर्षं झाली. आता कसली रात्रपाळी.

दुपारी आमच्या खोलीत पडा असं मी एकदा म्हटलं. "लेकी-जावयाच्या पलंगावर? नको गं," म्हणाले. मी आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर नाही म्हणाले ते मला बरंच वाटलं.

फळा दुपारी खाली घेता येत नाही. सकाळीच सगळं लिहून ठेवावं लागतं, आणि पलंग उघडला की घासून पुसलं जातं. ते अप्पांनीच दुसऱ्या दिवशी ओळखलं. मला सांगावंही लागलं नाही.

११ मार्च

आजचं लिहावं की नाही, कळत नाही.

अप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्याबसल्या झोपले आणि घोरायला लागले. मुलं खिदळली. एकाने घोरण्याच्या तालावर पाढा म्हणायला सुरुवात केली. मी अप्पांना हलवून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं. तेवढ्यात वकीलबाई मुलाला न्यायला लवकर आल्या. अप्पा स्वयंपाकघराच्या दारात उभे, अंगात बनियन, त्याला काखेत भोक. नवं आणून दिलेलं बनियन ते घडी घालून ठेवतात आणि जुनंच घालतात, त्याला मी काय करू.

"हे कोण?" वकीलबाईंनी विचारलं.

"ओळखीचे आहेत," मी म्हणाले. "थोडे दिवस आलेत."

कसं तोंडातून गेलं, देव जाणे. सगळं समजावत बसायला वेळ नव्हता, मुलं आत होती. नंतर खुलासा करू म्हटलं, तर अप्पाच त्यांच्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आले, तो दोन्ही हातांनी त्यांच्या पुढे धरला आणि आत निघून गेले.

पंपामुळे त्यांचा डावा कान अधू झालाय. दाराकडे डावाच होता. ऐकलं नसणार.

१४ मार्च

अप्पांनी आता दुपारी फिरायला जायचं काढलंय. जेवले की निघतात ते दिवेलागणीला परत. मी म्हटलं, उन्हाचं कशाला, तर म्हणाले, "सावलीसावलीने जातो." तब्येतीला मानवलेलं दिसतंय. येतात तेव्हा चेहरा ताजातवाना असतो. बागेतल्या बाकांची दुरुस्ती चालली आहे म्हणे, शर्टाच्या पाठीला रोज लाकडाचा भुसा लागलेला असतो. मी दारातच झटकून काढते.

हॉल मोकळा राहतो आणि शिकवणीही नीट होते. सगळं आपोआप मार्गी लागलं. असं लिहिताना कुठेतरी टोचतंय, पण काय ते कळत नाही.

१९ मार्च

अर्धातासाने कपाटाचे आठ दिवस कधीच ओलांडले. अप्पांचे कपडे अजून पेटीत. आज दुपारी फोनवर चांगलंच फैलावर घेतलं. मागे करवतीचं यंत्र किंचाळत होतं, त्यात त्याचं अर्धं बोलणं बुडालं. म्हणतो, "ताई, कपाट तयारच आहे, पण दुपारी त्याला हात लावता येत नाही. तुम्हाला तर माहीतच आहे."

मला काय माहीत आहे? दुपारी कपाट झोपतं का याचं? थापा मारायला पण काही अक्कल लागते. पैसे कमी घेतो म्हणून आमचं काम ढकलून दुसऱ्यांचं करतोय, दुसरं काही नाही. एकदा न सांगता जाऊन उभं राहिलं पाहिजे.

२३ मार्च

गेले एकदाची.

मुलांना सुट्टी दिली, सरळ त्याचा कारखाना गाठला. एका लांबड्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. वाटेत वाक्यं जुळवत गेले होते, ती सगळी दारातूनच सुरू केली. यंत्र चालू असल्यामुळे ओरडावं लागलं. दिलेला शब्द, लोकांचे कष्टाचे पैसे, कमी बजेटवाली माणसं म्हणजे काय माणसं नाहीत का, असलं सगळं. तीन-चार कारागीर बघत होते. अर्धातास दोन्ही हात हलवून मला गप्प करायला बघत होता, त्याने मला अजूनच चेव आला. मग तो बाजूला झाला.

माझं कपाट जमिनीवर उताणं पडलं होतं. दारं अजून लागली नव्हती, नुसता खोका. त्यात पोती अंथरली होती. त्यावर अप्पा झोपले होते. चपला बाहेर नीट जोडून ठेवलेल्या. चष्मा वरच्या कप्प्यात, म्हणजे जिथे माझी पुस्तकं येणार आहेत तिथे. तोंड उघडं, हात छातीवर, गाढ. करवत दोन हातांवर ओरडत होती आणि ते हललेही नाहीत.

"यंत्र बंद केलं की दचकून उठतात," अर्धातास माझ्या कानाशी ओरडला. त्याला त्याचाही अभिमान वाटत होता. "म्हणून दुपारचं सगळं कापायचंच काम ठेवलंय. माझ्या इथला भुसा सुद्धा मऊ असतो, ताई, साधा नाही. पण तुमचं कपाट कसं पूर्ण करू, सांगा. तुम्हीच पाठवता ना त्यांना? कपाट कुठवर आलं बघायला आले, तेव्हाच म्हणाले, मुलीची शिकवणी असते, तिनेच सांगितलंय इथे पडा म्हणून."

मी मान हलवली. म्हणजे हो म्हणाले. मीच पाठवते.

त्यांना उठवलं नाही. उठवून काय सांगणार होते? तशीच मागे फिरले. रस्त्यात एका दुकानाच्या काचेत मी दिसले, जाऊन कोणाला तरी झापून आलेल्या बाईसारखी, पदर खोचलेला. तो सोडवला आणि घरी आले.

अप्पा दिवेलागणीला आले. "आज बरीच गर्दी होती बागेत," म्हणाले. मी दारात उभी राहून त्यांची पाठ झटकली. रोजच्यासारखी. भुसा माझ्या पायावर पडत होता.

अख्खं लहानपण मी त्यांच्या झोपेची राखण केली. दुपारी ते झोपतात हे जगात मला नाही ठाऊक तर कोणाला ठाऊक असणार? मी फरशीवर आडवी होऊन पलंगाचं माप दिलं, पण तो पलंग दिवसा मिटवूनच टाकला. लाज वाटते. एवढं एकच वाक्य आज खरं आहे.

२७ मार्च

जेवताना अप्पा सहज म्हणाले, "रविवारी निघावं म्हणतो. महिना होत आला. इथे सगळं झकास आहे, पण खोली अजून आहे माझी, ओस पडायला नको." खिशातून किल्ली काढून ताटाशेजारी ठेवली, जणू ती आहे याची आम्हाला खात्री करून द्यायची होती.

आता जे लिहिते आहे ते कोणी वाचू नये. मला आधी बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. हॉल माझा, फळा माझा, कोणाला काही सांगायला नको. मग स्वतःचीच किळस आली. "बघू या," एवढंच म्हणाले आणि भात वाढायला लागले.

नंतर नवऱ्याला सुताराकडचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू त्यांना राहा म्हणालीस का?"

"म्हणजे काय, एवढा पलंग करून घेतला त्यांच्यासाठी."

"पलंगाने नाही विचारायचं. तू विचारायचं." आणि मग म्हणाला, "तुला सांगणार नव्हतो. त्या वकीलबाईंना तू 'ओळखीचे' म्हणालीस ना, ते अप्पांनीच मला सांगितलं. हसत होते. म्हणाले, पोरगी खोटं नाही बोलली, चांगला ओळखीचा आहे मी तिच्या."

त्यांचा उजवा कान शाबूत आहे. तेवढा मी हिशोबात धरला नव्हता.

२८ मार्च

काही केलं नाही. दिवसभर बोलायचं ठरवत होते. अप्पा 'फिरायला' जाऊन आले. मी पाठ झटकली.

३० मार्च

आज जेवणं झाल्यावर अप्पा चपला घालत होते. मी फळ्याशी गेले. सकाळीच अपूर्णांक लिहून ठेवले होते, सगळा फळा भरून. दोन हात आणि एक गुडघा लावून पलंग खाली ओढला.

"अगं, लिहिलेलं पुसलं जाईल," अप्पा म्हणाले.

"पुसू दे."

"मुलं येतील आत्ता."

"येऊ देत. अप्पा, मी सुताराकडे येऊन गेले गेल्या आठवड्यात."

"माहीत आहे," ते म्हणाले. एका पायात चप्पल, एक हातात. "त्याच्या पोटात काही राहत नाही. तू फार आरडाओरडा केलास म्हणाला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस, मग मी कशाला."

मला रडू फुटलं. वकीलबाईंशी काय बोलले ते सांगायला लागले, तर म्हणतात, "जाऊ दे गं, भोकाचं बनियन होतं अंगात, मी पण ओळख दिली नसती." मी म्हटलं, जाऊ द्यायचं नाही, आणि तुम्ही हसायचं नाही. मग ते हसायचे थांबले. चप्पल खाली ठेवली. त्यांना वाईट वाटलं होतं. ते त्यांच्या तोंडावर सरळ दिसलं आणि मी नजर काढून घेतली नाही. माझ्याने तेवढंच झालं.

"मला तुम्ही इथे हवे आहात," मी म्हणाले. "हे मी आधी विचारायला हवं होतं, सुताराला बोलावण्याच्या आधी."

अप्पा पलंगावर बसून उशी थोपटत राहिले. "आवाज नसला की झोप नाही लागत," थोड्या वेळाने अगदी बारीक आवाजात म्हणाले, कोणी चोरी पकडल्यासारखं.

मी धुण्याचं यंत्र लावलं. ते आमच्याकडे हॉलच्या भिंतीलाच आहे आणि एक पाय डुगडुगत असल्यामुळे पंपासारखं धडधडतं. दुरुस्त करायचं राहून गेलंय ते बरं झालं. मग खडू घेऊन बाहेर गेले आणि दारावर लिहिलं, 'अप्पा झोपले आहेत. बेल वाजवू नये.' अक्षर मोठं काढलं. शेजारची बाई जिना उतरताना थांबून वाचत होती. कान तापले माझे, पण पुसलं नाही.

मुलं पायांच्या बोटांवर आत आली. त्यांना स्वयंपाकघरात जमिनीवर बसवलं आणि अपूर्णांक पोळपाटावर कणकेच्या गोळ्याचे तुकडे करून शिकवले. यंत्र थांबलं की हॉलमध्ये पलंग करकरायचा, मी धावत जाऊन पुन्हा सुरू करायचे. तेच कपडे तीनदा धुतले. अप्पा घोरायला लागले तेव्हा तो पाढेवाला मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, म्हण, पण हळू.

वकीलबाई आल्या. बेल वाजली नाही. दार लोटून, सँडल हातात घेऊन त्या आत आल्या आणि हॉलच्या मधोमध पलंग पाहून थबकल्या.

"माझे वडील," मी म्हणाले. "जन्मभर पंपावर रात्रपाळी केली, दिवसा झोपतात. त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"अस्सं," त्या म्हणाल्या. मग मुलाची वही मागितली आणि अपूर्णांक संपले का ते विचारलं. मी इतके दिवस जिच्यासाठी मेल्याहून मेल्यासारखी झाले होते, तिला त्याचं काडीचंही सोयरसुतक नव्हतं. जाताना दार मात्र अगदी अलगद लावून गेल्या.

अप्पा दिवेलागणीला उठले. पलंग मी मिटवला नाही, त्यांनीही नाही. चहा पिताना म्हणाले, सुताराला सांग आता कपाट पूर्ण कर म्हणून, अर्ध्या तासाचं काम आहे त्याचं.

रविवारचं विचारायचा धीर मला होत नव्हता. ओलं फडकं घेऊन बाहेर गेले, दार पुसायला. पहिला शब्द पुसणार तोच ते मागून आले, खांद्यावरून वाचलं आणि माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"राहू दे की," म्हणाले. "उद्या परत लिहावं लागेल."